‘साथ’ या शब्दाचा अर्थ व उपयोग



भाषेच्या तासाला अनेकार्थी शब्द शिकविताना ‘साथ’ हा शब्द हटकून येतो. तबल्याची साथ, संकटात दिलेली साथ आणि गावात आलेली तापाची साथ, अशी तीन वाक्ये फळ्यावर लिहिली की पाठ पुरा झाला असे सामान्यतः मानले जाते. परंतु यांपैकी तिसरे वाक्य हे केवळ व्याकरणाचे उदाहरण नव्हे. चंद्रपूर व गडचिरोली या वनाच्छादित जिल्ह्यांत ते वाक्य केव्हा उच्चारावे आणि कोणत्या आधारावर उच्चारावे, यावर कित्येकदा एखाद्या बालकाचे जगणे अवलंबून असते. हा शब्द आधाराशिवाय वापरला तर गावात घबराट पसरते. वेळ टळून गेल्यावर वापरला तर त्याचा काही उपयोग राहत नाही. यास्तव प्राथमिक शिक्षकाने या एका शब्दाचा अर्थ नीट पारखून घेणे इष्ट आहे.

‘साथ’ हा शब्द संस्कृत ‘सार्थ’ या शब्दापासून, प्राकृतातील ‘सत्थ’ या रूपाच्या द्वारे, मराठीत आला. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, आणि त्या तांड्याचा नायक तो सार्थवाह. अरण्यातून एकट्याने प्रवास करणे धोक्याचे असल्यामुळे प्राचीन काळी व्यापारी समूहाने चालत. त्यावरून ‘बरोबर असणे’ हा अर्थ रूढ झाला. एकाच काळी, एकाच ठिकाणी, अनेकांच्या वाट्यास येणारा रोग तो साथीचा रोग, हा अर्थही त्याच समूहाच्या कल्पनेशी जुळणारा आहे. तांडे ज्या वाटांनी जात, त्याच वाटांनी पुष्कळदा रोगही जात आले आहेत. यात्रा, बाजार, सैन्याच्या हालचाली, आगबोटी, आगगाड्या आणि आता विमाने ही सारी माणसांच्या दळणवळणाची साधने आहेत, तशीच ती रोगांच्या प्रवासाचीही साधने ठरली आहेत.

या शब्दाच्या उपयोगातील एक नियम विद्यार्थ्यांना प्रथम समजावून द्यावा. रोगाची लागण व्यक्तीला होते. साथ समुदायात येते. ‘रामाला गोवर झाला’ हे वाक्य शुद्ध आहे, ‘रामाला गोवराची साथ झाली’ हे अशुद्ध आहे. साथ येते, पसरते, आटोक्यात येते आणि ओसरते. संसर्ग म्हणजे रोगकारक जंतूचा शरीरात प्रवेश. प्रादुर्भाव म्हणजे रोगाचे प्रकट होणे. उद्रेक म्हणजे थोड्या क्षेत्रात आणि थोड्या अवधीत रोगाचे एकाएकी उफाळणे. वर्तमानपत्रांतून हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास योजलेले दिसतात. शिक्षकाने तसे करू नये, कारण या प्रत्येक शब्दाने विचारला जाणारा प्रश्न निराळा आहे. लागण म्हटले की ‘कोणाला?’ असे विचारावयाचे. साथ म्हटले की ‘किती जणांना, कोठे आणि केव्हापासून?’ असे विचारावयाचे.

हा दुसरा प्रश्न आपल्या देशात फार पूर्वी विचारला गेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नावाचा तिसरा अध्याय आहे. पांचाल देशात कांपिल्य नगराजवळ, गंगेच्या तीरावर, पुनर्वसू आत्रेय आणि त्यांचा शिष्य अग्निवेश यांचा संवाद त्यात आला आहे. माणसांची प्रकृती निराळी, आहार निराळा, बळ निराळे, वय निराळे. असे असताना एकच रोग एकाच वेळी साऱ्या जनपदाचा नाश कसा करतो, अशी शिष्याची शंका आहे. गुरूंनी उत्तर दिले की माणसे भिन्न असली तरी वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात, आणि त्या बिघडल्या म्हणजे सर्वांना एकदम व्याधी होते. जंतूंचे ज्ञान त्या काळी नव्हते. तरीही रोग्यांमध्ये समान काय आहे ते शोधावे, ही विचाराची दिशा आजही तितकीच उपयुक्त आहे. लंडनमधील सोहो भागात १८५४ साली कॉलरा झाला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी हेच केले. मृतांची घरे नकाशावर मांडली असता ती एका सार्वजनिक पंपाभोवती दाट आढळली. त्या पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी पुढे तीस वर्षांनी इजिप्त आणि कलकत्ता येथील संशोधनात दाखवून दिला. म्हणजे जंतू ओळखता येत नसतानाही, रोग्यांची नीट मोजणी करून आणि त्यांच्यातील समान गोष्ट हुडकून, साथीचे मूळ शोधता आले. शिक्षकाजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र नसते, परंतु मोजणी करणे आणि समान गोष्ट हुडकणे त्याला निश्चित साधणारे आहे.

आता साथ कशास म्हणावे? पुष्कळ लोक आजारी पडले म्हणजे साथ, ही लोकव्यवहारातील व्याख्या अपुरी आहे. शास्त्राच्या दृष्टीने, एखाद्या ठिकाणी, एखाद्या काळात, एखाद्या रोगाचे जितके रोगी नेहमी आढळतात त्यांहून स्पष्टपणे अधिक रोगी आढळू लागले, तर ती साथ होय. या व्याख्येत ‘नेहमी’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. साथ ही केवळ मोठ्या संख्येने ठरत नाही, ती तुलनेने ठरते. समजा, एखाद्या शाळेचा पट ४२ आहे आणि श्रावणात आठवड्यास दोनतीन मुले तापाने गैरहजर राहणे हे तेथील नेहमीचे आहे. तेथे एखाद्या आठवड्यात ११ मुले तापाने घरी राहिली, तर ती गोष्ट नेहमीची नव्हे. उलट, पोलिओसारखा हद्दपार झालेला रोग घेतला, तर एकच रोगी आढळणे हीसुद्धा गंभीर घटना ठरते. भारतात रानटी पोलिओ विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. जेथे नेहमीची संख्या शून्य आहे, तेथे एकसुद्धा अधिकच असतो.

या व्याख्येवरून आणखी तीन शब्द सहज उलगडतात. क्वचित कोठे एखादा रोगी आढळला तर तो तुरळक रोग. एखाद्या प्रदेशात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला तो स्थानिक रोग. अनेक देशांत पसरलेली साथ ती जागतिक साथ अथवा महासाथ. इंग्रजीतील एन्डेमिक, एपिडेमिक आणि पॅन्डेमिक या तिन्ही शब्दांच्या पोटात ‘डेमॉस’, म्हणजे लोक, हा एकच ग्रीक शब्द आहे: लोकांमध्ये असलेला, लोकांवर आलेला आणि सर्व लोकांना व्यापणारा. १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा ही अशीच महासाथ होती. महाराष्ट्रातील खेड्यांत ती ‘मानमोडी’ या नावाने वृद्धांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिली. भारतात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ती मुख्यतः या साथीमुळे. तेव्हाचा चांदा जिल्हा ज्या मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता, तो प्रांत फार मोठी हानी सोसलेल्या प्रांतांपैकी एक होता. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, ११ मार्च २०२० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला जागतिक साथ म्हटले, आणि शाळांचे दरवाजे बंद झाले. ‘महासाथ’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत सर्वत्र दिसू लागला तो त्या वर्षी.

त्याच काळात ‘महामारी’ हा शब्दही मराठीत फार वापरला गेला. हिंदीत कोणत्याही मोठ्या साथीस महामारी म्हणतात, आणि तेथे तो शब्द योग्यच आहे. मराठीत मात्र मरी, महामारी, जरीमरी या शब्दांबरोबर मरणाची भीती आणि मरीआईचा कोप ही कल्पना जोडलेली आहे. पूर्वी पटकीच्या साथीत गावेच्या गावे ओस पडत, त्या दिवसांचे हे शब्द आहेत. ‘मारी’ या पदात मृत्यूचा निकाल आधीच दिलेला आहे; ‘साथ’ या शब्दात तो नाही. साथ सर्दीचीही येते, डोळ्यांचीही येते, आणि योग्य वेळी उपाय केला तर पुष्कळदा एकही माणूस न दगावता ओसरते. १८९७ चा कायदा मराठी शासनव्यवहारात साथरोग कायदा या नावाने ओळखला जातो. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात निर्बंध लागू झाले ते त्याच कायद्याच्या आधारे. पत्रव्यवहारात आणि वर्गात शिक्षकाने ‘साथ’ हाच शब्द ठेवावा.

रोगांच्या नावांतही भीती आणि श्रद्धा साठून राहते. देवी या रोगाचे नावच देवतेचे आहे. लस टोचण्यास ‘देवी काढणे’ म्हणत आणि लस टोचणाऱ्यास ‘देवी डॉक्टर’. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्ये आढळला, आणि मे १९८० मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. लोकांच्या श्रद्धेची टर उडवून हे कार्य झालेले नाही. घरोघर फिरून, रोगी शोधून, त्याच्या सभोवतालच्या माणसांना लस टोचून ते झाले. आजही गोवर अथवा कांजिण्या आल्या म्हणजे ‘माता आली’ असे म्हणून मूल घरात ठेवले जाते. तेथे शिक्षकाने ‘माता’ या शब्दाशी भांडू नये. मुलाला घरी ठेवणे हे इतर मुलांच्या दृष्टीने हिताचेच आहे. फक्त त्या घरी आरोग्यसेविका पोहोचली पाहिजे आणि शेजारच्या मुलांची गोवराची लस राहिलेली नाही ना, हे पाहिले गेले पाहिजे.

१८९७ या सालाचा उल्लेख आलाच आहे, तर त्या वर्षातील तीन घटना शिक्षकांनी एकत्र लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ‘ग्रंथिक सन्निपात’ असे त्याचे नाव त्या वेळी वर्तमानपत्रांतून येत असे. तो पुण्यास पोहोचल्यावर शासनाने घरझडतीचे कठोर उपाय योजले. लोकांना त्यांच्या भाषेत, विश्वासाने, समजावून न दिलेल्या उपायांमुळे लोक रोगी लपवू लागले. क्षोभ वाढला आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ही पहिली घटना. दुसरी घटना त्याआधीची, १० मार्चची. सावित्रीबाई फुले या पुत्र यशवंत यांच्या उपचारकेंद्रात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता स्वतः त्या रोगाला बळी पडल्या. मुलींच्या शाळेची पहिली शिक्षिका साथीत रोग्यांजवळ उभी होती, ही गोष्ट प्राथमिक शिक्षकाच्या परंपरेत मोलाची आहे. तिसरी घटना २० ऑगस्टची. सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी आढळले. या तिसऱ्या घटनेचा संबंध आपल्या दोन्ही जिल्ह्यांशी, विशेषतः गडचिरोलीशी, फार निकटचा आहे.

महाराष्ट्रात हिवतापाचा भार ज्या जिल्ह्यावर दीर्घकाळ सर्वाधिक राहिला, तो गडचिरोली होय. दाट जंगल, ओढेनाले, पावसाळ्यातील साचलेले पाणी, दूर दूर विखुरलेली गावे आणि रानात मुक्काम करावा लागणारे व्यवसाय ही त्याची कारणे आहेत. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत काम केलेल्या शिक्षकास हे निराळे सांगावयास नको. हिवताप येथे स्थानिक रोग आहे. आणि शब्दाच्या अर्थात घोटाळा झाला म्हणजे किती हानी होते, हे याच ठिकाणी दिसते. ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ ‘सौम्य’ असा नाही. परंतु जो ताप दर पावसाळ्यात येतो, ज्या तापाने घरातील प्रत्येकजण कधी ना कधी पडलेला असतो, त्याची दखल घेण्याचे हळूहळू बंद होते. साथ आली म्हणजे मोटारी येतात, फवारणी होते, वर्तमानपत्रांत मथळे येतात. स्थानिक रोग एकेका घरातून एकेक मूल नेतो, आणि त्याची संख्या ‘नेहमीची’ म्हणून खपून जाते. वास्तविक नेहमीचे याचा अर्थ तेथे पूर्वीपासून चालत आलेले, एवढाच आहे. ते चालू द्यावे असा त्याचा अर्थ नव्हे.

यास्तव या जिल्ह्यांतील शिक्षकाला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. नेहमीच्या संख्येहून वाढ झाली की नाही हे त्याने पाहावे, कारण साथ ओळखण्याचा तोच मार्ग आहे. आणि नेहमीच्या संख्येतील प्रत्येक तापाच्या मुलाची तपासणी होते की नाही हेही पाहावे, कारण साथ नसली तरी ते मूल आजारीच आहे. फाल्सिपेरम जातीचा हिवताप वेळीच औषध न मिळाल्यास मेंदूपर्यंत जातो आणि थोड्या दिवसांत प्राण घेऊ शकतो. बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त घेऊन आशा कार्यकर्तीस गावातच पाऊण तासाच्या आत निदान करता येते. ताप आलेल्या मुलाचे रक्त त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी तपासले जावे, एवढ्यासाठी शिक्षकाने घरी निरोप धाडला, तरी त्याने मोठे काम केले असे होईल. हिवतापाचा डास मुख्यतः रात्री चावतो; म्हणून आश्रमशाळांतील व वसतिगृहांतील मच्छरदाण्या गाठोड्यात न राहता रात्री अंथरुणावर लागल्या पाहिजेत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातील साठवणीच्या पाण्यात वाढतो, हा भेदही मुलांना सांगावा. तेंदूपत्ता संकलनासाठी कुटुंबे रानात मुक्काम करतात, तेव्हा डास चावण्याचा संभव वाढतो. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत एक ते दोन आठवडे, कधी अधिकही, लोटतात. शाळा सुरू होण्याच्या सुमारास येणाऱ्या तापाचे मूळ कित्येकदा आधीच्या महिन्यातील रानातल्या मुक्कामात असू शकते.

साथ कशास म्हणावे हे जसे पाहिले, तसे साथ कशास म्हणू नये हेही पाहिले पाहिजे. सिकलसेल हा आजार या भागातील अनेक कुटुंबांत आढळतो. तो आईवडिलांकडून वारशाने येतो, शेजारी बसल्याने येत नाही. एका गावात सिकलसेलची पाच मुले असली तरी ती साथ नव्हे, आणि अशा मुलाला निराळे बसविणे हा अन्याय आहे. धनुर्वात जखमेतून होतो. तो एकापासून दुसऱ्यास लागत नाही. कुष्ठरोगास पूर्वी ‘महारोग’ म्हणत, आणि त्या ‘महा’ या उपपदाने रोग्याला गावाबाहेर काढले जाई. तो रोग फार मंदपणे पसरणारा आहे आणि औषधाने पूर्ण बरा होतो. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून आनंदवनाचे जे कार्य आरंभिले, त्याने हेच दाखविले की ज्याला समाजाने नावासह टाकून दिले तो माणूस शेती करू शकतो, उद्योग करू शकतो आणि मानाने जगू शकतो. तसेच, शाळेतील भोजनानंतर अनेक मुलांना एकदम उलट्या झाल्या तर ती बहुधा विषबाधा होय. रोगी अनेक असले तरी तेथे रोग एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला नसतो. अन्नाचा नमुना राखून ठेवणे आणि मुलांना तत्काळ दवाखान्यात पोहोचविणे हे तेथील कर्तव्य असते.

नावाने होणारा अन्याय हा केवळ कुष्ठरोगापुरता नाही. १९१८ च्या महासाथीला ‘स्पॅनिश’ हे नाव पडले, ते ती स्पेनमध्ये सुरू झाली म्हणून नव्हे. युद्धात सामील नसलेल्या त्या देशात वृत्तपत्रांवर बंधने नव्हती, म्हणून तेथील आजाराच्या बातम्या उघडपणे छापल्या गेल्या, एवढेच. ज्याने सत्य सांगितले त्याच्याच माथी रोग मारला गेला. अशा अनुभवांवरून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये असे सुचविले की नव्या रोगाला स्थळाचे, माणसाचे, समाजाचे अथवा प्राण्याचे नाव देऊ नये. ही सूचना खेड्यातही लागू आहे. २०२० च्या उन्हाळ्यात मिरची तोडणीसाठी तेलंगणात गेलेले या दोन्ही जिल्ह्यांतील मजूर पायी घरी परतले, तेव्हा त्यांच्याकडे बोट दाखविणारेही होतेच. ‘अमक्या टोल्यातून रोग आला’, ‘तमक्यांच्या मुलांनी आणला’ अशी वाक्ये शाळेच्या आवारात ऐकू आली, तर शिक्षकाने ती तेथल्या तेथे थांबवावी. अशा वाक्याने रोग थांबत नाही. फक्त पुढचा रोगी लपून राहतो. १८९७ च्या पुण्याचा धडा हाच आहे.

आणखी एक अडचण भाषेची आहे. शाळेत मराठी चालते, परंतु मुलांच्या घरी माडिया असते, गोंडी असते. सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा व चामोर्शीकडील काही गावांत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. ‘साथ’ हा शब्द त्या घरांत असेलच असे नाही. थंडी वाजून येणारा ताप, अंगावरील पुरळ, हगवण, धाप लागणे यांना प्रत्येक भाषेत आपापले शब्द आहेत, आणि ते पुष्कळदा लक्षणाचे फार अचूक वर्णन करणारे असतात. शिक्षकाने आपल्या गावातील असे दहाबारा शब्द गावातील वृद्ध स्त्रियांकडून, पुजाऱ्याकडून आणि मुलांकडून विचारून लिहून ठेवावेत. मूल ‘मला हिवताप झाला’ असे म्हणत नाही. ते आपल्या आईचा शब्द सांगते. तो शब्द शिक्षकाला कळला तर रोगाची वार्ता आठ दिवस आधी कळते.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. गावातील इतकी मुले दररोज एका ठिकाणी येतात आणि त्यांच्या येण्या-न येण्याची नोंद होते, असे ठिकाण शाळेखेरीज दुसरे नाही. हजेरीपट हा शासकीय कागद आहे. त्यात अधिक खुणा करू नयेत. त्याच्याशेजारी एक साधी वही ठेवावी. गैरहजर मुलाचे कारण दुसऱ्या दिवशी विचारून त्या वहीत एका शब्दात लिहावे: ताप, हगवण, पुरळ, खोकला, रानात गेला, पाहुणा गेला. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक कारणाची बेरीज करावी. एक वर्ष ही वही चालली की त्या गावाचे ‘नेहमीचे’ काय आहे, ते कोणत्याही कचेरीतील कागदाहून अधिक अचूकपणे शिक्षकास ठाऊक होईल. चौथीच्या मुलांकडून त्याचाच स्तंभालेख काढून घेता येईल, आणि गणिताचा व आरोग्याचा पाठ एकत्र होईल. आलेख काढताना मुलांची नावे मात्र घालू नयेत.

बेरीज नेहमीहून अधिक दिसली की त्याच दिवशी कळवावे. कळविताना ‘गावात भयंकर साथ आली आहे, त्वरित यावे’ असे लिहू नये. या वाक्यात भीती आहे, माहिती नाही. पुढीलप्रमाणे लिहावे: ‘शाळेचा पट ४२. मागील चार आठवड्यांत तापाने गैरहजर मुले अनुक्रमे २, ३, २, ४. या आठवड्यात ११. त्यांपैकी ८ मुले नाल्यालगतच्या टोल्यातील. ताप थंडी वाजून येतो. दोन मुले अन्न घेत नाहीत. गावात आशा कार्यकर्ती आहे. तपासणीचे साहित्य संपले आहे.’ या आठ वाक्यांत किती जण, कोठे, केव्हापासून आणि काय हवे हे सारे आले. रोगाचे नाव देण्याची आवश्यकता नाही. ते वैद्यकीय अधिकाऱ्याचे काम आहे. हे पत्र प्राथमिक आरोग्य केंद्रास जावे, त्याची प्रत ग्रामपंचायतीस व केंद्रप्रमुखास द्यावी, आणि दूरध्वनी लागत असेल तर तोंडीही कळवावे. पावसाळ्यात पर्लकोटेसारख्या नद्यांना पूर आला की गावांचा संपर्क तुटतो. पूर येण्याच्या आदल्या दिवशी पोहोचलेला निरोप आणि पूर ओसरल्यावर पोहोचलेला निरोप यांतील अंतर काही मुलांच्या बाबतीत फार मोठे असते.

हगवणीची मुले वाढली तर प्रथम पाण्याकडे पाहावे. आजारी मुले एकाच विहिरीचे अथवा एकाच हातपंपाचे पाणी पितात काय, हे मुलांनाच विचारावे. स्नो यांचा नकाशा फळ्यावर खडूनेही काढता येतो. पाणी उकळून पिणे, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकण्याविषयी ग्रामपंचायतीस लिहिणे, आणि हगवण लागलेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी पाजत राहण्याविषयी आईस सांगणे, या गोष्टी आरोग्य पथक येण्याची वाट न पाहता करता येतात.

शिक्षकावर अनेक नोंदींचा भार आधीच आहे, हे खरे. ही वही कोणी तपासणार नाही, तिचा नमुना वरून येणार नाही आणि ती ठेवली नाही म्हणून कोणी खुलासाही मागणार नाही. म्हणूनच ती शिक्षकाने स्वतः होऊन ठेवावयाची आहे. साथ आली आहे की नाही हे ठरविण्यास नेहमीचे काय ते ठाऊक असावे लागते, आणि नेहमीचे काय ते ठाऊक होण्यास गावातील प्रत्येक मुलाची दररोज चौकशी करणारे कोणीतरी असावे लागते. या दोन्ही जिल्ह्यांतील शेकडो लहान गावांत असा मनुष्य शिक्षकच आहे. शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात वहीचे पहिले पान आखावे, आणि ज्या मुलाच्या नावापुढे ‘ताप’ असे लिहिले जाईल, त्याच्या घरी त्याच सायंकाळी जाऊन यावे, इतके सांगून हे भाषण येथे पुरे करणे उचित होईल.